एका ठिणगीत दीड वीत

शिरपूर जैनच्या गॅरेजात मिस्त्री प्लग खोलतो तेव्हा तो आधी पुसत नाही. उजेडात धरून बघतो. टोक चॉकलेटी असेल तर इंजिन बरोबर जळतंय. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरं पडलं असेल तर गाडी तापतेय. गेल्या दिवाळीत पुण्याला परत निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याने असाच बघून झालेला प्लग माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीपेक्षा थोडा जाड, वर पांढरी चिनी माती, खाली आटे, आणि टोकाशी वाकवलेल्या तारेखाली एक फट. मिलिमीटरहूनही कमी, नखाच्या कडेने चाचपावी एवढीच. तो म्हणाला, "एवढ्याशा फटीत जाळ पडते, भाऊ, आन् तेवढ्यावर पुण्याले जाचं."

हे वाक्य डोक्यातून गेलं नाही. रात्री जेवण झाल्यावर वही काढली आणि त्या फटीत पुण्यापर्यंत किती वेळा जाळ पडतो याचा हिशेब मांडायला बसलो. उत्तर आलं तेव्हा आधी वाटलं, शून्य जास्त पडलं असेल. दोनदा तपासलं. पडलं नव्हतं.

आधी रस्ता सांगतो. हे शिरपूर धुळ्याकडचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं. आणि तालुक्याचं मालेगाव नाशिककडचं नव्हे, आमचं मालेगाव जहांगीर. तिथून मेहकर, सुलतानपूर, बिबी, दुसरबीड, किनगाव राजा, सिंदखेड राजा, जालना, छत्रपती संभाजीनगर. पुढे वाळूज, नेवासा फाटा, अहिल्यानगर, सुपे, शिरूर, रांजणगाव, वाघोली, पुणे. सगळे मिळून साधारण ४५० किलोमीटर. चाकण, रांजणगाव, भोसरीत कामाला असलेली आमच्या भागातली कितीतरी मुलं दिवाळीला, सोयाबीन काढायला, बहिणीच्या लग्नाला हाच रस्ता शंभर सीसीच्या गाडीवर कापतात. ट्रॅव्हल्सचं भाडं सणात परवडत नाही आणि एसटीत उभं राहायला जागा मिळत नाही. आमच्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्याच्यावर मोटारी ताशी १२० ने जातात, पण दुचाकीला तिथे प्रवेश नाही. त्यामुळे आमचा रस्ता तोच जुना. समृद्धी कधी त्याच्या जवळ येते, कधी लांब जाते.

गाडी घेऊ हिरोची स्प्लेंडर, कारण आमच्याकडे दहा घरांपुढे बघितलं तर चार-पाच तरी तीच दिसेल. इंजिन ९७.२ सीसी. म्हणजे पिस्टन एका दमात जेवढी जागा मोकळी करतो ती कटिंग चहाच्या ग्लासाएवढी. पिस्टनचा व्यास ५० मिलिमीटर, वर-खाली जायची वाट ४९.५ मिलिमीटर. दोन इंच रुंद, दोन इंच खोल अशी ती विहीर. हवा-पेट्रोलचं मिश्रण दाबून उरते ती जागा अवघी दोन चमच्यांची, आणि त्या दोन चमच्यांत जाळ पेटतो.

टॉप गिअरमध्ये मागचं चाक एकदा फिरायला इंजिनाला साधारण सव्वाअकरा वेळा फिरावं लागतं. चाकाचा घेर साधारण एक मीटर ८६ सेंटिमीटर. यावरून पुढचा सगळा हिशेब निघतो. पुण्यापर्यंत चाक फिरतं २ लाख ४२ हजार वेळा. इंजिन फिरतं २७ लाख वेळा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांमागे एकदा मिश्रण पेटतं, म्हणजे शिरपूर ते पुणे त्या दोन चमच्यांच्या जागेत साडेतेरा लाख स्फोट होतात. वॉल्व्ह दोन, आणि प्रत्येक साडेतेरा लाख वेळा उघडतो, तितक्याच वेळा मिटतो. एकदाही चुकून चालत नाही.

४५० किलोमीटरला साडेतेरा लाखांनी भागलं की येतात ३३ सेंटिमीटर. एक ठिणगी गाडीला, तुम्हाला आणि पाठीवरच्या बॅगेला दीड वीत पुढे नेते. मग पुढची ठिणगी. ताशी ५० ने जाताना सेकंदाला ४१-४२ ठिणग्या, आणि प्रत्येक ठिणगीला दीड वीत.

पेट्रोलचाही हिशेब लावून बघू. लिटरला ६० किलोमीटरचा अॅव्हरेज धरला तर पुण्यापर्यंत साडेसात लिटर लागतं. ते साडेतेरा लाखांत वाटलं तर एका स्फोटाच्या वाट्याला एका थेंबाचा नववा-दहावा भाग येतो. बाटलीतून एक थेंब तळहातावर सांडला की आपण तो झटकून टाकतो. त्या थेंबात गाडी तीन मीटर जाते. घराच्या ओट्यापासून अंगणाच्या फाटकापर्यंत.

पिस्टनचा प्रवास तर मला सगळ्यात अचाट वाटला. तो कुठे जात नाही, त्या दोन इंचांच्या विहिरीत फक्त वर-खाली होतो. पण एका फेऱ्यात वर आणि खाली मिळून त्याची चाल होते ९९ मिलिमीटर, आणि फेरे आहेत २७ लाख. गाडी शिरपूरहून पुण्याला पोचते तेव्हा पिस्टन जागच्या जागी २६८ किलोमीटर चाललेला असतो. आपण वाघोलीत शिरताना तो सरळ रस्त्याने चालला असता तर वाळूजच्याही पुढे गेला असता. तेही न थांबता नव्हे. एका फेऱ्यात तो वर एकदा आणि खाली एकदा असा दोनदा पूर्ण थांबतो आणि उलटा फिरतो. ५४ लाख वेळा थांबून त्याने २६८ किलोमीटर काटलेले असतात.

हे थांबणं-उलटणं त्याला सुखाने करता येत नाही. ताशी ५० ला इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेतं. वरच्या टोकाला पिस्टन उलटतो तेव्हा त्याच्यावरचा ओढा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे साडेआठशे पट होतो. पिनेसकट पिस्टनचं वजन शंभर ग्रॅम धरलं तर कनेक्टिंग रॉडला त्या क्षणी ८५ किलोचा झटका बसतो. एक धडधाकट माणूस त्या बारक्या रॉडला लोंबकळावा तसा, मिनिटाला पाच हजार वेळा. आणि आत जाळ दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध अॅल्युमिनियमसुद्धा ६६० अंशाला वितळतं. तरी तो वितळत नाही, कारण एका स्फोटाचा पूर्ण धक्का एका सेकंदाच्या हजार भागांपैकी सहा भागांत संपतो, लगेच थंड हवा आत येते, आणि खालून तेल त्याची उष्णता वाहून नेत असतं. तेल किती, तर लिटरभरसुद्धा नाही. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट केसाच्या जाडीपेक्षा कमी, तिच्यात त्या तेलाचा थर. साडेतेरा लाख जाळ आणि २६८ किलोमीटरचं घासणं त्या थरावर निभावतं. तेल वेळेवर बदला असं मिस्त्री सांगतो तेव्हा तो धंद्यासाठी सांगत नाही. काळं झालेलं तेल दोन बोटांत चोळून बघा, खरखर लागली तर ते इंजिनाच्या आतल्या भागांचं झिजलेलं अंग असू शकतं.

आता हवा. पेट्रोल एकटं जळत नाही, दर किलोमागे त्याला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. साडेसात लिटर पेट्रोलचं वजन साडेपाच किलो. म्हणजे पुण्यापर्यंत गाडी ८० किलोच्या वर हवा ओढून घेते. वर बसणाऱ्या माणसापेक्षा जास्त वजनाची हवा, त्या चहाच्या ग्लासाएवढ्या जागेतून. मागे सायलेन्सरमधून जे जातं त्यात सुमारे सात किलो पाणी असतं, वाफेच्या रूपात. म्हणून थंडीत पहाटे गाडी चालू केली की सायलेन्सरच्या टोकातून थेंब गळतात. मुलं विचारतात, गाडीत पाणी गेलं का? नाही गेलं, गाडीनेच ते तयार केलं.

आमच्याकडची मोजमापं भाकरीची. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक दणदणीत भाकरी म्हणजे अंदाजे ३५० कॅलरी. साडेसात लिटर पेट्रोलमध्ये अशा १६० भाकरींची ताकद असते. एका भाकरीत पावणेतीन किलोमीटर. पण यातली चाकापर्यंत पोचते जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी उष्णता होऊन इंजिनाच्या पात्यांवरून आणि सायलेन्सरमधून उडून जाते. धावताना ही छोटी गाडी दोन हजार वॅटचे तीन गिझर चालू ठेवल्याएवढी उष्णता बाहेर टाकत असते. म्हणूनच उन्हाळ्यात जालन्याच्या पुढे पोटऱ्यांना ती धग लागते.

याच हिशेबातून ताशी ५० चं महत्त्व कळतं, आणि इथे मी थोडा थांबणार आहे, कारण तरुण मुलं नेमकी इथे चुकतात. ५० ला वारा कापायला आणि चाकं रस्त्यावर फिरवायला मिळून सुमारे दोन अश्वशक्ती पुरते. ६० ला तीन लागतात. ८० ला सहाच्या वर. गाडीची एकूण ताकद आठ अश्वशक्ती, तीही मिनिटाला आठ हजार फेऱ्यांना मिळणारी, आणि टॉप गिअरमध्ये ८० ला इंजिन बरोबर तेवढ्याच फेऱ्यांवर असतं. म्हणजे ८० ला तिचा दम संपलेला असतो. कनेक्टिंग रॉडवरचा तो ८५ किलोचा झटका आता २२० किलोचा झालेला असतो. सोयाबीनची दोन भरलेली पोती, मिनिटाला आठ हजार वेळा. एवढं सोसूनही गाडी दोन-तीन तास चालेल, तिच्यात तेवढा दम आहे. पण ४५० किलोमीटर असं चालवणं म्हणजे बैलाला चढावर पळवत नेणं. ५० ऐवजी ६० ने गेलात तर दीड तास वाचतो, तो मी समजू शकतो. ८० ने जाऊन जे वाचतं ते मेहकरच्या, नाहीतर सिंदखेड राजाच्या गॅरेजात परत जातं.

या रस्त्याचं आणि छोट्या इंजिनाचं नातं जुनं आहे, हे जाता येता कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि लिटरला ८० किलोमीटर हा दावा गावोगाव पोचला. त्याआधी गावात राजदूत किंवा बुलेट असणं हे पाटलाचं, नाहीतर डॉक्टरचं काम होतं. त्याच १९८५ मध्ये बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला. आमच्या रस्त्यावर तो लागतोच. आणि त्याहीपूर्वी, १९७२ मध्ये आली फिरोदियांच्या कायनेटिकची लुना, अवघं ५० सीसीचं इंजिन. तिचा कारखाना अहिल्यानगरला. आमच्या वाटेवरचंच गाव. शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, ग्रामसेवक यांना पायडलवरून उतरवून इंजिनावर बसवलं ते या गाड्यांनी. २०२४-२५ या एका वर्षात देशात १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. दर दीड-पावणेदोन सेकंदाला एक. तुम्ही हे वाक्य वाचलं तेवढ्यात तीन-चार.

रस्त्याला टेकण्याचीही गंमत आहे. गाडीचं वजन ११२ किलो, तुमचं ७५, बॅग १०. हे सगळं जिथे रस्त्याला टेकतं ती दोन्ही टायरांची मिळून जागा शंभर चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणजे एका तळहातापेक्षा थोडी मोठी. आमच्या शिरपुरात अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, खालून कापड सरकतं, अशी श्रद्धा घेऊन लोक लांबून दर्शनाला येतात. त्या गावात वाढलेल्या माणसाला आधार किती थोडा पुरतो हे वेगळं सांगावं लागत नाही. तरी वळणावर वाळू दिसली की मला तो तळहात आठवतो आणि मी आपोआप हळू होतो.

त्या तळहाताएवढ्या रबराची झीजही मोजली. टायर ३० हजार किलोमीटर चालला आणि तेवढ्यात पाच मिलिमीटर रबर झिजलं असं धरू. तेवढ्या अंतरात चाक १ कोटी ६० लाख वेळा फिरतं. एका फेऱ्यात झिजणारा थर निघतो मिलिमीटरच्या तीस लाखाव्या हिश्शाएवढा. दोन-तीन अणू एकावर एक ठेवावेत एवढा. चाक प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर अणूंची एक पुसटशी रेघ ठेवून जातं, आणि अशा कोट्यवधी रेघा झाल्या की पंक्चरवाला म्हणतो, टायर गोटा झाला, बदला.

माणसाचं काय? ५० ने नऊ तास. या नऊ तासांत तुमचं हृदय ४३ हजार वेळा धडधडतं. तुमच्या एका ठोक्याला इंजिनाचे तीस-एकतीस. हातातल्या मुठी सेकंदाला ८०-८५ वेळा थरथरत असतात, म्हणून नेवासा फाट्याला चहाचा ग्लास धरताना बोटांना झिणझिण्या येतात. मिनिटाला पंधरा वेळा पापणी लवते, प्रत्येक वेळी सेकंदाच्या सहाव्या-सातव्या भागापुरती. छोटी गोष्ट वाटते. पण नऊ तासांची बेरीज होते वीस मिनिटं. म्हणजे टक्क जागा असलेला, शहाणा, सावध माणूससुद्धा शिरपूर-पुणे रस्त्यातले १५ ते १७ किलोमीटर डोळे मिटून गाडी चालवतो. डुलकीचे किलोमीटर यात धरलेले नाहीत.

म्हणून थांबण्याचं अंतरही सांगतो. ५० ला समोर काही दिसल्यापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंत ३३ मीटर लागतात, ८० ला सत्तरच्या वर. गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे लाल दिवा नसलेल्या. आपल्या हेडलाइटला अशी ट्रॉली कितीवर दिसते, ते ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यातली ७४ हजार ८९७ दुचाकीवरची होती. दिवसाला दोनशे पाच. आणि त्या एका वर्षात हेल्मेट न घातलेली मेली ५० हजार २९ माणसं. आमच्या शिरपूरसारखी गावं एका वर्षात रिकामी व्हावीत एवढी. या लेखातले बाकीचे आकडे मी आनंदाने लिहिले. हे लिहिताना हात जड झाला.

रात्री निघू नका. दर तासाभराने थांबा. गाडीसाठी नव्हे, गाडी दमत नाही. मनगट, कंबर आणि डोळे दमतात. अमेरिकेत चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे १६०९ किलोमीटर गाडी चालवून प्रमाणपत्र मिळवणारी माणसं आहेत. त्यांचा मला आदर आहे. पण आपल्याला प्रमाणपत्र नको, घरी आई वाट बघतेय.

आमच्या मिस्त्रीकडे परवा एक गाडी आली होती. मीटर ९९ हजारांच्या घरात. पाचआकडी मीटर, लाख झाले की परत शून्य. त्या गाडीने पृथ्वीला अडीच प्रदक्षिणा घातल्या होत्या. इंजिन ६० कोटी वेळा फिरलं होतं, ३० कोटी वेळा जाळ पडला होता, आणि तो शंभर ग्रॅमचा पिस्टन दोन इंचांच्या विहिरीत साठ हजार किलोमीटर चालून, एकट्याने दीड प्रदक्षिणा पूर्ण करून बसला होता. मालक दूध घालणारा माणूस. रोज पहाटे शिरपूर ते आसपासची खेडी, बाजूला दोन कॅन. तो पुण्याला कधी गेला नाही. मिस्त्रीने टॅपिट सेट केलं, चेनला तेल दिलं, किक मारली, गाडी पहिल्या किकला चालू झाली.

तुमच्या गाडीचंही करून बघा. सपाट जागी गाडी घ्या, टायरवर आणि खाली जमिनीवर खडूने एक-एक खूण करा, चाक एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकला, पुन्हा जमिनीवर खूण करा आणि मधलं अंतर टेपने मोजा. मीटरवरच्या आकड्याचे मीटर करा आणि या अंतराने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या वेळा तुमचं चाक आजवर फिरलंय. गाडी स्प्लेंडर असेल तर त्याला सव्वाअकराने गुणलं की इंजिनाचे फेरे येतील. मग तेलाची कांडी काढून बघा, पातळी खालच्या रेघेच्या वर आहे का.